इडलीपात्र आणि त्रिशूळ

व्हिडिओ गेम म्हणजे नुसता धाडधाड गोळीबार, असं ज्यांना वाटतं त्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून ‘वेण्बा’ जरूर खेळा. टोरांटोच्या विसाई गेम्सने २०२३मध्ये काढलेला हा छोटासा खेळ एका बैठकीत संपतो. १९८०च्या दशकात कॅनडात गेलेलं तमिळ जोडपं आणि आईकडून आलेली पाककृतींची फाटकी वही. पुसलेल्या ओळी आपण अंदाजाने भरायच्या. इडलीपात्राची ताटं कशी रचली म्हणजे वाफ वरपर्यंत पोचेल, तेही आपणच ताडायचं. (आमच्याकडे हे कोडं सौ.ने चुटकीसरशी सोडवलं!) पण जीव अडकतो तो कविनमध्ये. आई तमिळमध्ये विचारते, लेक इंग्रजीत उत्तर देतो. इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांना हा प्रसंग परका वाटायचा नाही. आईचं चुकत नाही, पोरही वाईट नाही, तरी अंतर वाढतच जातं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) दिसायला देखणा. राजस्थानी धाटणीचे महाल, हाती दुर्गेचा त्रिशूळ आणि भाऊ गोलूला सोडवायला निघालेली बहीण. लढाया मात्र लवकरच त्याच त्या वाटू लागतात. शेवट तर पुढचं पान कुणी फाडून नेल्यासारखा! गोलूचं पुढे काय, हे माझा धाकटा अजून विचारतो आहे.