जोडनिधीची अट आणि गरिबांचे आजार

ग्रामीण महाराष्ट्रातील वाचकांना लोकवर्गणीची अट चांगली परिचयाची आहे. गावाने खर्चाचा दहा टक्के वाटा उभा करावा, उरलेला सरकार देईल, या तत्त्वावर २००२ साली स्वजलधारा योजना सुरू झाली. योजनेविषयी गावाला आपुलकी वाटावी हा त्या अटीमागचा हेतू वाईट नव्हता. परंतु वर्गणी भरण्याची ऐपत आणि पाण्याची निकड या दोन गोष्टी एकाच गावी नांदतात असे नाही. किंबहुना जे गाव अधिक तहानलेले, तेच बहुधा अधिक कफल्लक असते. आज हीच अट विज्ञानाच्या एका अतिशय खर्चिक क्षेत्रात, जनुकसंशोधनात, प्रतिष्ठित होऊन बसली आहे, आणि आपल्या देशातील विज्ञानविषयक धोरणाची दिशाही तिकडेच वळताना दिसते. म्हणून तिचा विचार वेळीच केला पाहिजे.

या पद्धतीचे सर्वांत रेखीव रूप कॅनडात पाहावयास मिळते. तेथील केंद्र सरकारने २००० साली ‘जीनोम कॅनडा’ ही ना-नफा संस्था स्थापन केली. सजीवांच्या पेशींत साठवलेली आनुवंशिक माहिती समग्रपणे वाचणाऱ्या मोठ्या प्रकल्पांना ती सरकारी पैशातून अनुदान देते. परंतु संपूर्ण खर्च देत नाही. मोठ्या प्रकल्पांच्या स्पर्धांत सर्वसाधारण नियम असा की, खर्चाचा निम्मा भाग अर्जदाराने अन्यत्र उभा करावयाचा. हा जोडनिधी प्रांत सरकारकडून, विद्यापीठाकडून, धर्मादाय न्यासाकडून किंवा कंपनीकडून आणता येतो. ओंटारिओ प्रांताच्या संशोधन निधीची अट तर आणखी कडक होती: एक तृतीयांश प्रांत देणार, एक तृतीयांश संशोधन संस्थेने घालावयाचा आणि उरलेला एक तृतीयांश खासगी क्षेत्राकडून मिळवावयाचा.

या अटीचा अर्जदार शास्त्रज्ञावर काय परिणाम होतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. त्याला केवळ चांगला प्रश्न सुचून भागत नाही. त्या प्रश्नासाठी पदरचे पैसे मोजणारा भागीदार शोधावा लागतो. मग तो आपल्या मनातील प्रश्नांची उजळणी करतो आणि ज्याला भागीदार मिळेल तो प्रश्न वर काढतो. सामन मासा, गोवंश, लाकडासाठी लावलेली जंगले यांमागे संघटित उद्योग उभे आहेत. त्यांचे वचनपत्र वेळेवर येते. ज्या आजाराचे रोगी विखुरलेले, निर्धन आणि मुके आहेत, त्याचे वचनपत्र कोणी लिहावयाचे? अशा प्रश्नाला कोणी नकार देत नाही. त्याचा अर्जच लिहिला जात नाही. नकाराविरुद्ध दाद मागता येते, न लिहिलेल्या अर्जाविरुद्ध कोणाकडे मागावयाची?

जोडनिधीच्या समर्थकांचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ आहे असे आम्ही मानत नाही. सरकारी पैसा मर्यादित आहे. दुसऱ्याचाही पैसा गुंतला म्हणजे संशोधन कपाटात पडून राहत नाही, त्याचा वापर करणारा आरंभापासून सोबत असतो, हे युक्तिवाद विचारार्ह आहेत. कॅनडातच २०१७ च्या आरोग्यविषयक फेरीतून ‘सायलेंट जीनोम्स’ हा प्रकल्प उभा राहिला. मूलनिवासी समाजांतील मुलांच्या आनुवंशिक आजारांचे निदान सुधारावे हे त्याचे उद्दिष्ट. जगातील जनुकसंग्रहांत या समाजांची नोंदच नसल्यामुळे त्यांच्या मुलांचे निदान अडते, ही उणीव त्याने भरावयास घेतली. परंतु त्या फेरीत कॅनडाच्या केंद्रीय आरोग्य-संशोधन संस्थेने जीनोम कॅनडाच्या जोडीला स्वतःचा निधी घातला होता, हे विसरता येणार नाही. म्हणजे दुर्बलांचा प्रश्न ऐरणीवर आला तेथे जोडीला उभी राहिली तीही पुन्हा सार्वजनिक तिजोरीच.

त्याच देशातील दुसरी एक घटना जोडनिधीच्या हिशेबातील मूलभूत खोट दाखवून देते. १९८० च्या दशकात ब्रिटिश कोलंबियातील नू-चा-नुल्थ या मूलनिवासी समाजातील आठशेहून अधिक माणसांनी संधिवाताच्या संशोधनासाठी आपले रक्त दिले. पुढे ते रक्त परदेशी गेले आणि त्यांच्या संमतीवाचून वंशेतिहासाच्या अभ्यासासाठी वापरले गेले. अनेक वर्षांच्या तक्रारीनंतर ते नमुने त्या समाजाला परत मिळाले. जनुकसंशोधनात पहिले भांडवल कोणते? यंत्र नव्हे, रसायन नव्हे. माणसाचे रक्त आणि त्याच्या घराण्याच्या आजाराचा इतिहास. कंपनीने सवलतीत दिलेल्या यंत्राची किंमत जोडनिधीत रुपया-आण्यासकट धरली जाते. रक्त देणाऱ्याच्या खाती मात्र शून्य मांडले जाते. श्रम करणाऱ्याचा वाटा हिशेबात न धरण्याची ही रीत आपल्याला कारखान्यांतून परिचित आहे. आता ती प्रयोगशाळेतही रुजू झाली आहे.

खासगी पैसा आला की विज्ञान बाटते, असे मात्र आमचे म्हणणे नाही. मानवी जनुकसंचाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९० साली सुरू झाला आणि २००३ साली पूर्ण झाला. त्यात अमेरिकी सरकारच्या जोडीला ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट या खासगी न्यासाचा पैसा होता. १९९६ साली बर्म्युडा येथे या प्रकल्पातील शास्त्रज्ञांनी ठरविले की, वाचलेला क्रम चोवीस तासांच्या आत सर्व जगाला खुला करावयाचा. १९९८ साली क्रेग व्हेंटर यांची सेलेरा ही कंपनी त्याच कामात उतरली आणि माहिती शुल्क देणाऱ्यांना विकण्याचा विचार पुढे आला, तेव्हा वेलकम ट्रस्टने आपला निधी वाढविला. जॉन सल्स्टन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी तो क्रम मानवजातीच्या मालकीचा राहावा यासाठी शर्थ केली. तात्पर्य, पैसा कोणाचा याहून अटी कोणाच्या, हा प्रश्न मोठा आहे. तेथे अटी जनहिताच्या होत्या, म्हणून खासगी पैसाही जनतेच्या कामी आला.

आता आपल्याकडे पाहू. केंद्र सरकारने २०२३ साली अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपये संशोधनाला मिळतील, अशी मोठी घोषणा झाली. परंतु त्यांतील सरकारचा वाटा सुमारे चौदा हजार कोटींचा. उरलेले छत्तीस हजार कोटी उद्योग, सार्वजनिक उपक्रम, धर्मादाय संस्था आदींकडून येतील, असे गृहीत धरले गेले. पुढे जुलै २०२५ मध्ये खासगी क्षेत्रातील संशोधनाला अल्प वा शून्य व्याजाने दीर्घ मुदतीचे कर्ज पुरविण्यासाठी एक लाख कोटी रुपयांच्या योजनेला मंत्रिमंडळाने मान्यता दिली. उद्योगासाठी तिजोरी उघडी आणि विद्यापीठासाठी ‘आधी भागीदार आणा’ हा सल्ला, असे हे चित्र आहे. भारतीयांच्या दहा हजार जनुकसंचांचे वाचन करणारा ‘जीनोम इंडिया’ प्रकल्प २०२० साली केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने हाती घेतला आणि २०२५ च्या जानेवारीत त्याची माहिती संशोधकांना खुली झाली. तो कोणा उद्योगपतीच्या वचनपत्रावाचून, सार्वजनिक पैशावर पार पडला. हे आपल्याला जमते, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

गडचिरोली, चंद्रपूर आणि नंदुरबार भागातील आदिवासी व दलित समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रोगी असह्य वेदनांनी तळमळतो. एखाद्या रोगाचे मूळ रेणूतील दोषात आहे हे पहिल्यांदा सिद्ध झाले ते याच आजाराबाबत, १९४९ साली, लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून. तरीही जनुकात दुरुस्ती करणारे औषध पाश्चात्त्य देशांत मान्य व्हावयास २०२३ साल उजाडले, आणि अमेरिकेत त्याची किंमत ठरली एका रोग्यामागे बावीस लाख डॉलर. २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या सरकारी प्रयोगशाळेने बिरसा मुंडा यांचे नाव दिलेली स्वदेशी जनुकोपचार पद्धती जाहीर केली आणि तिचे तंत्रज्ञान पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटकडे सोपविण्याचा करार झाला. या यशाचा आम्हांला अभिमान वाटतो. परंतु ज्या समाजाच्या वीरपुरुषाचे नाव उपचाराला दिले, त्या समाजातील मुलाला तो कोणत्या किमतीत मिळेल, हे केवळ आश्वासनात राहता कामा नये. करारात लिहिले गेले पाहिजे आणि तो करार जनतेला वाचता आला पाहिजे.

आमची मागणी स्पष्ट आहे. प्रश्नाची निवड प्रथम व्हावी आणि जोडनिधीचा विचार नंतर. गरिबांच्या आजारांवरील प्रकल्प या अटीतून संपूर्णपणे मुक्त असावेत आणि त्यांचा सगळा खर्च सरकारने उचलावा. जेथे खासगी भागीदार येईल तेथे माहिती खुली राहील आणि औषधाच्या किमतीला मर्यादा असेल, ही सरकारी अनुदानाची पूर्वअट असावी. रक्त देणाऱ्या समाजाचा वाटा हा खरा जोडनिधी मानून प्रकल्पाच्या नियंत्रक समितीवर त्याचे प्रतिनिधी हक्काने बसवावेत.

गडचिरोलीच्या जंगलातील आईजवळ वचनपत्र लिहून द्यावयास पैसा नाही. तिने आपल्या मुलाचे रक्त दिले आहे. विज्ञानाच्या हिशेबवहीत ती रक्कम जमेला धरावयाची की नाही, याचे उत्तर आता सरकारने दिले पाहिजे.