फोटो काढावा, पण रुळाबाहेरून

होळीच्या आधी आमची एका दिवसाची सहल नेरळला गेली. तिथून माथेरानला चढणारी छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. रुळाच्या कडेला पळस फुलला होता. पान नाही, नुसती केशरी फुले! फोटोसाठी माझा मित्र रुळावर उभा राहायला निघाला. म्हणाला, "गाडी तर हळू येते, भ्यायचं काय?" गुरुजींनी त्याला मागे ओढले. गाडी हळू असली तरी सायकलसारखी बाजूला वळत नाही, चटकन थांबतही नाही.

एकाने तर फांदीच मोडली. मग पुढच्या गाडीतल्यांनी काय बघायचं?

माझे मत असे, की फोटो जरूर काढावा, पण रुळापासून लांब राहून आणि फूल झाडावरच ठेवून. आईवडिलांनीही "जरा मागे सरक" म्हणताना मागे काय आहे ते आधी बघावे.