म्हाताऱ्या माणसाचं पडणं नशिबावर सोडू नका



लागण, खते, तोडणी यांवर आपण नेहमीच बोलतो. आज घरातल्या वडीलधाऱ्यांविषयी लिहितो. म्हातारं माणूस पडलं की आपण म्हणतो, "वय झालं, चालायचंच." हे मला मान्य नाही. ऊस लोळू नये म्हणून आपण वेळेवर मोठी बांधणी करतो, तो नशिबावर सोडत नाही. मग माणसाच्याच बाबतीत असं का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात. त्यांत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण सर्वांत जास्त आहे.

कारणे बहुतेक घरातलीच असतात : शेवाळलेली न्हाणी, अंधारातला उंबरा, झिजलेली चप्पल, मोतीबिंदू, रक्तदाबाच्या वा झोपेच्या गोळ्यांनी येणारी भोवळ. न्हाणीत खरबरीत फरशी घाला, भिंतीला धरायला पक्की लोखंडी नळी बसवा, संडासच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवा. अंथरुणातून उठताना थोडं बसून मग उभं राहावं. गोळ्या डॉक्टरांना दाखवा, मनानं बंद करू नका.

दुसरी गोष्ट शेतातली. ज्या फीडरला अजून रात्रपाळीची वीज आहे, तिथं सत्तरीचे वडील बॅटरी घेऊन पाणी पाजायला जातात आणि तरणी पोरं घरी झोपतात. पाटाचा निसरडा काठ, पाचटाखालचा खड्डा अंधारात दिसत नाही. रात्रीची पाळी तरुणांनीच करावी.

एवढं करूनही कोणी पडलंच, तर ओढून उठवू नका. जांघेत कळ येते, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो, तर खुब्याचं हाड मोडलं असं समजा. चोळू नका, खायला-प्यायला देऊ नका, १०८ ला फोन करा. डोक्याला मार असेल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर माणूस बरं दिसलं तरी दवाखान्यात न्या.

"या वयात ऑपरेशन कशाला?" असं म्हणून घरी ठेवू नका. माणूस महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहिलं की छाती भरते, पाठीला जखमा होतात. २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान योजना लागू झाली आहे. कार्ड आत्ताच काढून ठेवा.

पुढचं ऊसबिल हाती येईल तेव्हा पहिला खर्च न्हाणीतल्या नळीवर करा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी