हिस्सा की उष्टे?

बोईसरच्या एका वलीम्यातली गोष्ट. बायकांची शेवटची पंगत उठत होती. मोहल्ल्यात चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एका वयस्कर खालाने ओढणीआडून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि समोरच्या थाळात उरलेली बिर्याणी तिच्यात भरू लागली. वाढपी पोरांपैकी एकाने मोठ्याने विचारले, "खाला, डेगच घेऊन जाता काय?" सगळे हसले. पडद्याच्या अलीकडे बसलेले आम्हीही हसलो. खालाने पिशवी तिथेच ठेवली, हात धुवायला गेली आणि तशीच निघून गेली. तासाभराने हॉलच्या मागे केटररची माणसे दीड डेग बिर्याणी कचऱ्यावर ओतत होती. तिथे मात्र कुणी हसले नाही.

दरम्यान, नवरदेवाच्या मामांच्या गाडीच्या डिकीत झाकण बांधलेले एक मोठे पातेले चढले होते. त्याला आम्ही "घरच्यांसाठी थोडे" म्हणतो. पिशवीभर बिर्याणीला हावरेपणा म्हणतो आणि पातेलेभराला आपलेपणा!

दावतीतून अन्न घरी न्यावे की नाही, हा काय लिहायचा विषय आहे, असे कुणी म्हणेल. आमच्या मते आहे. मेहमानाने कसे वागावे हे आम्ही उठता-बसता सांगतो. जेवण झाल्यावर गप्पा मारीत रेंगाळू नये, हे सूरह अहजाबच्या ५३व्या आयतीचा हवाला देऊन ऐकवतो. पण सूरह आराफच्या ३१व्या आयतीत उधळपट्टीची मनाई आहे, ती यजमानाला ऐकवायची हिंमत कोण करतो? ज्या वलीम्यात श्रीमंतांना बोलावले आणि गरिबांना वगळले तो सर्वांत वाईट, अशा अर्थाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आम्ही गरिबाला बोलावतो खरे, पण त्याच्या पिशवीवर नजर ठेवून.

आमच्या लहानपणी तारापूर-चिंचणीकडे दावत घरासमोरच्या मंडपात होई. कुणाच्या घरी म्हातारी अंथरुणाला खिळली आहे, कुठली बेवा इद्दतमध्ये आहे, हे यजमानिणीला तोंडपाठ असे. पहिली डेग उघडली की त्या घरांचे डबे आधी भरले जात. त्याला 'हिस्सा' म्हणत. हिस्सा म्हणजे दान नव्हे. ज्याच्या नावाचा त्याचा तो हक्क. पुढे १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढली, उत्तर प्रदेश-बिहारपासून मराठवाड्यापर्यंतची माणसे बोईसरच्या चाळींत भाड्याने राहू लागली. मंडप गेला, हॉल आला. आता ताटांचा हिशेब केटरर ठेवतो आणि कुणाच्या घरी चूल पेटली नाही याचा हिशेब कुणीच ठेवत नाही. हिस्सा गेला. राहिले ते उष्टे.

या दोन शब्दांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगायला नको. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना उष्टे-शिळे खाणे सोडा असे सांगितले, ते अन्नाची नासाडी करा म्हणून नव्हे. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याची मान खाली, हे नाते तोडा म्हणून. जातपात आमच्यात नाही असे आम्ही छाती ठोकून सांगतो. मग थाळातले उरलेले कामवालीला आणि डेगेतले मामांना, ही वाटणी आम्ही कुठून शिकलो? खालाने थाळातले घेतले, कारण डेगेतले तिला कुणी देऊच केले नव्हते.

मेहमानांचीही चूक होते, हे मान्य. उशिरा येणाऱ्यांची पंगत बसायची असताना बोट्या वेचून पर्समध्ये टाकणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत, आणि ते बहुधा गरीब नसतात. सगळे जेवेपर्यंत हात आवरावा, एवढे पथ्य पाहुण्याने पाळलेच पाहिजे. पण लपवून नेण्याची पाळी त्याच्यावर का येते? उघड मागितले तर हसे होते म्हणून.

"उन्हाळ्यात बिर्याणी आंबते, कुणाला बाधली तर?" हा केटररचा ठरलेला सवाल. भीती खोटी नाही. शिजवूनही न मरणारे जंतू भातात असतात आणि कोमट भात तासन् तास पडून राहिला की ते वाढतात. म्हणूनच तर रात्री बारापर्यंत वाट न पाहता पंगती चालू असतानाच वाटप व्हायला हवे. उरलेले अन्न सुरक्षितपणे कसे गोळा करावे आणि वाटावे, याचे केंद्र सरकारचे नियमही २०१९ पासून आहेत. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, युसूफ मुकाती यांनी २०१५ साली रोटी बँक सुरू केली. घरोघरच्या ताज्या पोळ्या-भाजी तिथे जमा होते आणि गरजू येऊन घेऊन जातात. तिथे जमते ते बोईसरला का जमू नये? आणि हा तोच पालघर जिल्हा आहे, ज्याच्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२-९३ मध्ये कुपोषणाने मुले मेली. बोईसरच्या हॉलपासून ती गावे काही परमुलखात नाहीत.

आमचे मागणे मोठे नाही. केटररला ताटांचा आकडा देताना डब्यांचाही आकडा द्या. पहिली डेग उघडताच डबे भरा. दाराशी यजमानाने स्वतः उभे राहून प्रत्येक घराला एक डबा द्यावा. मामांना एक, खालालाही एक, आणि दोन्ही डबे सारख्याच आकाराचे. नको असेल तो नाही म्हणेल.

त्या खालाला मोहल्ल्यातल्या पुढच्या दोन्ही शाद्यांची दावत गेली होती. ती आली नाही. तब्येत बरी नाही, असा निरोप तिने नातवाकडून पाठवला.