खेळातले शहर आणि पायाखालचे शहर

आमगाव, सालेकसा, देवरीकडून दरवर्षी नवी मुले शिकायला गोंदियात येतात. वर्ष सरत आले तरी त्यांतल्या अनेकांचे शहर रेल्वेस्थानक ते महाविद्यालय एवढेच उरते. अशांना मोबाइलवरच्या एखाद्या खेळाने शहर हिंडवावे, ही कल्पना ऐकून नाक मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नाही. प्रश्न आहे तो खेळातले शहर कोणी रचायचे, हा.

'पोकेमॉन गो' 2016च्या जुलैत परदेशात आणि डिसेंबरात भारतात आला. घरी बसून तो फारसा खेळता येत नसे. खऱ्या रस्त्यांवर चालावे लागे, हे त्याचे मोठेच श्रेय. पण त्यातले थांबे आले होते त्याच कंपनीच्या 'इन्ग्रेस' या आधीच्या खेळातून, आणि तिथे ती ठिकाणे बव्हंशी खेळाडूंनीच सुचवलेली होती. जिथे खेळाडू दाट तिथे थांबे दाट. खेडी आणि लहान गावे रिकामी. भारतात तर रिलायन्सची हजारो दुकाने थांबे म्हणून त्यात दाखल झाली. शहर पाहायला निघालेला नवखा शेवटी दुकानाच्या दारात!

2022मध्ये गूगलचे 'स्ट्रीट व्ह्यू' भारतात नव्याने सुरू झाले, तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक, अहमदनगर होती. विदर्भातले एकही नव्हते. तेव्हा आमचा खेळ आम्हालाच रचावा लागणार. तसा तो रचायला विद्यार्थ्यांहून योग्य कोण?

मात्र त्यात एक मेख आहे. खेळाला एकच बरोबर उत्तर लागते. गोंदिया हे नाव कशावरून आले? कोणी गोंड समाजाचे नाव सांगतो, कोणी गोंद, म्हणजे डिंक, त्याच्या व्यापाराकडे बोट दाखवतो. आमच्या मते खेळाने इथे गुण देऊ नयेत, दोन माणसांना विचारायला धाडावे. सातपुड्यातून जबलपूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी स्थानकाच्या कोणत्या बाजूने सुटे, हे आज ब्रॉडगेजवरून येणाऱ्या मुलाला नकाशा सांगणार नाही. एखादा म्हातारा हमाल सांगेल, आणि तेही बहुधा हिंदीत. पोवारी बोलणाऱ्या मुलीने ते मराठीत नोंदवले, तर भाषेच्या तासाला आम्हाला आणखी काय हवे?

एक अडचण उरतेच. हे सारे खेळ गृहीत धरतात की खेळणाऱ्याला मनमुराद भटकता येते. आमच्या वर्गातील मुलींना संध्याकाळची पॅसेंजर गाठायची असते. खेळ त्या गाडीच्या वेळापत्रकावर बेतावा लागेल.