नव्या गावी जुना खेळ

बदलीची नोकरी करणाऱ्या माणसास बिऱ्हाड हलविण्याचे पुढे पुढे काही वाटेनासे होते, असा एक समज आहे. तो खरा नाही. भांडी, अंथरुणे, पुस्तके ही कोठेही जाऊन मांडता येतात. परंतु संध्याकाळी पाच ते सात या वेळात घरातील माणसांनी काय करावयाचे, ही गोष्ट प्रत्येक गावाची निराळी असते आणि ती जुळून येण्यास वर्ष वर्ष लागते. गेल्या महिन्यात आम्हांस शिरोळच्या पत्त्यावर एक दीर्घ पत्र आले, ते याच जुळणीविषयी आहे. लिहिणारे गृहस्थ ग्वाल्हेरच्या एका जुन्या मराठी कुटुंबातील असून २०२४ च्या उन्हाळ्यात मातोश्री, पत्नी व दोन मुले यांसह कोल्हापुरास आले. नाव न देता त्यावर लिहिण्यास त्यांनी मोकळीक दिली आहे.

त्यांच्या घराण्यात तीन पिढ्यांचे हॉकीचे वेड आहे. कोल्हापुरात या खेळाविषयी दोन शब्द बोलावयास माणूस मिळत नाही, जो तो फुटबॉल आणि कुस्ती यांविषयी बोलतो, हे त्यांचे पहिले दुःख. दुसरे अधिक खोल आहे. त्यांचे चौदा वर्षांचे चिरंजीव ग्वाल्हेरास रोज स्टिक घेऊन मैदानावर जात. ते आता पेठेतील मुलांबरोबर फुटबॉल खेळतात आणि स्टिक कपाटावर धूळ खात पडली आहे. हा घराच्या वळणाशी द्रोह होय, असे वडिलांचे मत झाले असून येत्या जूनपासून मुलास ग्वाल्हेरास काकांकडे ठेवावे असा त्यांचा विचार आहे. आजीने दोन दिवस अन्न टाकले. पत्रात आमचा सल्ला विचारला आहे असे म्हटले आहे खरे, परंतु वाचून पाहता संमतीच मागितलेली दिसते. ती आम्ही देऊ शकत नाही.

गृहस्थांचे दुःख लटके आहे असे मात्र कोणी म्हणू नये. ज्या गावात कॅप्टन रूपसिंग यांनी शिंदे सरकारच्या फौजेत नोकरी केली आणि जेथे १९७७ साली देह ठेवला, त्या गावच्या मुलांस हॉकी पाळण्यातच कळते. १९३२ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेवर चोवीस गोल चढविले, त्यांत रूपसिंगांचे दहा व त्यांचे वडील बंधू ध्यानचंद यांचे आठ होते. अशा कथा आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या माणसास हॉकीचे नाव काढताच समोरच्याने विषय बदलला तर वाईट वाटणारच. तथापि एक गोष्ट आम्ही त्यांच्या ध्यानी आणून देतो. ग्वाल्हेरातील ज्या मैदानास रूपसिंगांचे नाव आहे, ते हॉकीचे असून पुढे क्रिकेटचे झाले, आणि २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकर यांनी पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यातील पहिले द्विशतक तेथेच काढले. तेव्हा ग्वाल्हेर म्हणजे निर्भेळ हॉकी, ही समजूत काही अंशी दूर गेल्यामुळे झालेली आहे. सोडलेले गाव नेहमीच मागे वळून पाहताना अधिक गोमटे दिसते.

आता कोल्हापूर. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने येथे कुस्ती वाढली, खासबागेचे मैदान झाले, पेठापेठांतून तालमी उभ्या राहिल्या. फुटबॉलचे संघ आजही पुष्कळसे तालमींच्याच नावाने उतरतात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल ही नावे शाहू स्टेडियमवर कशी गर्जतात, ते ज्याने ऐकले नाही त्यास सांगून कळावयाचे नाही. विश्वचषकाच्या दिवसांत ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्या पताका गल्ल्यांतून लागतात. येथलाच अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. या साऱ्यात ईर्षा आहे, ती कधी कधी हातघाईवर येते, आणि ते आम्हांस मुळीच मान्य नाही. परंतु मूळ गोष्ट अशी की, कोल्हापुरात संघ म्हणजे पेठ आणि पेठ म्हणजे घरापलीकडचे घर. परगावाहून आलेल्या मुलास ज्या दिवशी कोणी ‘ये, एक गडी कमी आहे’ म्हणून हाक मारतो, त्या दिवशी तो त्या पेठेचा होतो. चिरंजीवांनी चेंडू बदलला असे वडिलांस दिसते. आम्हांस वाटते, त्यांनी गाव मिळविले.

संस्कृताच्या जुन्या शिक्षकास येथे आदिपर्व आठवल्याखेरीज राहत नाही. द्रुपदाकडून अवमान पावलेले द्रोण हस्तिनापुरास येऊन कृपांच्या घरी गुप्तपणे राहिले होते. राजकुमार नगराबाहेर वीटा खेळत असता ती विहिरीत पडली आणि कोणासच काढता येईना. ही वीटा म्हणजे काय? गोदाकाठ सोडून काशीस जाऊन राहिलेले आपले नीलकंठ चतुर्धर यांनी टीकेत म्हटले आहे की, यवाच्या आकाराचा तो वीतभर लाकडी तुकडा, मुले त्यास काठीने उडवितात. म्हणजे आपली विटीच की! द्रोणांनी गवताच्या काड्या एकीत एक रोवून ती वर काढली, मुलांनी धावत जाऊन भीष्मांस वर्तमान सांगितले, आणि उपेक्षित ब्राह्मण आचार्य झाला. खेळ हस्तिनापुरच्या मुलांचा होता. विद्या द्रोणांची स्वतःची होती. पोरांनो, हा काय खेळ, असे म्हणून ते निघून गेले असते तर पुढची कथा निराळी होती.

कोणी म्हणेल, महाभारतातील गोष्ट महाभारतात राहू द्या, हॉकीतील काही सांगा. तर लेस्ली क्लॉडियस यांचे चरित्र पाहावे. जन्म १९२७ चा, बिलासपूरचा. खरगपुरास गेले ते फुटबॉल खेळणारे म्हणून, बंगाल-नागपूर रेल्वेच्या संघात. १९४६ साली तेथे हॉकीच्या सरावात एक गडी कमी पडला, काठावर उभ्या असलेल्या या तरुणास बोलावले, आणि १९३२ च्या सुवर्णविजेत्या संघातील डिकी कार यांनी त्याचा हात ओळखला. दोन वर्षांनी तो लंडनच्या ऑलिंपिकमध्ये होता. पुढे हेलसिंकी व मेलबर्न येथेही सुवर्णपदक, आणि १९६० साली रोम येथे रौप्य. हा फुटबॉल खेळतो म्हणून त्यास कोणी बिलासपुरास परत धाडले असते तर?

धनराज पिल्ले यांचे उदाहरण आणखी जवळचे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन, चिखलमातीत शिकलेला हा मुलगा थोरल्या भावाच्या आधाराने मुंबईस गेला आणि चार ऑलिंपिक खेळला. त्यास नव्या शहरात आपलाच खेळ खेळणारा आपलाच माणूस भेटला. हे भाग्य सर्वांच्या वाट्यास येत नाही. चिरंजीवांस पेठेतील परकी मुले भेटली आणि त्यांनी यास जवळ केले, हेही भाग्यच म्हणावयाचे.

चिरंजीव क्लॉडियसांप्रमाणे पुन्हा हॉकीकडे वळतील, असे आम्ही सुचवीत नाही. कदाचित कधीच वळणार नाहीत. वडिलांनी ते सोसले पाहिजे. वस्त्र, भाषा, देव यांप्रमाणे खेळाचीही आवड मुलास देता येते. पण ती घेतली नाही म्हणून त्यास दोन वर्षांत दुसऱ्यांदा मुळासकट उपटून दुसऱ्या मातीत लावणे, यास आम्ही संस्कार म्हणत नाही. उपटण्याचे दुःख काय असते, हे आम्हां शिरोळकरांस २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांनी पुरते शिकविले आहे.

पत्रात एक तक्रार अशी आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने पॅरिस येथे नेमबाजीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा सारे शहर हर्षभरित झाले. आणि आठवड्याने, ८ तारखेस, हॉकी संघाने स्पेनवर दोन विरुद्ध एक असा विजय मिळवून कांस्यपदक घेतले, तेव्हा त्यांच्या इमारतीत कोणी दारही वाजविले नाही. ठीक. परंतु त्या संध्याकाळी आपण पेढ्यांचा पुडा घेऊन शेजारच्या दाराशी गेला होता काय? याचा उल्लेख पत्रात नाही. पेढे आणि दोन वाक्ये एवढ्याने भागले असते. कोल्हापूरकर माणूस खेळाच्या गोष्टीस कान देत नाही, असे आम्ही जन्मात पाहिले नाही. त्यास गोष्ट कोणीतरी सांगावी लागते.

याच शहरात मेजर ध्यानचंद यांच्या नावाचे हॉकीचे मैदान आहे, आणि रिक्षावाल्यास ‘हॉकी स्टेडियम’ एवढे म्हटले की पुरते. गृहस्थ तेथे एकदाच, तेही परीक्षकाच्या दृष्टीने, जाऊन आले असे दिसते.

आता शेवटचे. चार पाठपोट पृष्ठांच्या पत्रात चिरंजीवांस अडीच पृष्ठे मिळाली आहेत आणि अकरा वर्षांच्या कन्येस एक ओळ. ती ओळ अशा अर्थाची आहे की, ‘धाकटी मात्र दादाची स्टिक घेऊन गच्चीवर भिंतीशी खेळत असते, त्याने खालचे लोक कुरकुर करतात.’ अहो, ज्या ग्वाल्हेरास मुलगा पाठवावयाचा, तेथेच मध्यप्रदेश शासनाची हॉकी अकादमी मुलींसाठी आहे! आणि इतके दूर तरी कशास जावे? सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्याच्या खेड्यांतून वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे यांसारख्या मुली भारताच्या संघात गेल्या आहेत. कपाटावरची स्टिक धूळ खात आहे हे आपण लिहिता. ती धूळ रोज संध्याकाळी कोण झटकते, ते आपल्याच पत्रात आहे. मुलीच्या उंचीस ती लांब पडत असेल, तेवढी तिच्या बेताची आणून द्यावी, आणि येत्या रविवारी तिला घेऊन स्टेडियमवर जावे. जाताना आजींसही न्यावे. त्यांनी पुष्कळ सामने पाहिले असतील.