स्ट्राइक गेला खड्ड्यात!

परवा शनिवारी ऑफिसची गँग बोलिंगला गेली होती. मीरा रोडहून लोकल, मग रिक्षा, मग मॉल. पहिल्याच फ्रेमला माझा बॉल भलतीकडे सुटला, पहिल्या पिनच्या चुकीच्या बाजूला आदळला आणि दहाच्या दहा पिना आडव्या! स्क्रीनवर फटाके, टाळ्या, "भाई, क्या हुक मारा!" पुढच्या फ्रेमला बॉल हवा तसा वळला, १ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये, म्हणजे पॉकेटात, बरोब्बर बसला. कोपऱ्यातली १० नंबरची पिन तेवढी उभी राहिली. सगळे म्हणाले, "अरेरे!"

माझं म्हणणं एवढंच, की सगळ्यांचं चुकलं. आणि वर्षभर माझंही चुकत होतं.

आधी हुक का लागतो ते बघू. फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत लेन ६० फूट, रुंदीला ३९ पट्ट्या. साधारण पहिले ४० फूट तेल लावलेलं असतं, मध्ये जास्त, कडेला कमी. कॅरमवर आपण पावडर टाकतो ना, तसंच. तेलावर बॉल घसरतो आणि पुढे कोरड्यावर पकड मिळाली की वळतो. पॉकेटात साधारण ६ अंशांच्या कोनात शिरला तर सगळ्यात चांगलं, आणि सरळ टाकलेल्या बॉलला हा कोन मिळतच नाही. उजव्या हाताने टाकलेल्या आदर्श स्ट्राइकमध्ये बॉल फक्त ४ पिनांना शिवतो: १, ३, ५ आणि ९. बाकीच्या ६ पिना पिनाच पाडतात. म्हणजे हुक ही शोबाजी नाही, गरज आहे.

शोबाजी करतो ते आपण. "मनगट फिरव रे" हा सल्ला देणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच. मी सहा महिने मनगट पिळलं. फळ काय? क्रेप बँडेज, आणि सोमवारी माउस डाव्या हातात. खरं तर हात लंबकासारखा मोकळा झुलू द्यायचा, अंगठा आधी सुटतो, बोटं नंतर, आणि तेवढ्यानेच बॉलला फिरकी मिळते. मॉलमधले बॉल बहुतेक प्लास्टिकचे, ते वळतात कमीच. पण जेवढे वळतील तेवढे दर वेळी सारखे वळले पाहिजेत. सगळी गंमत त्यात आहे.

बग शोधताना आपण एकदम पाच ओळी बदलत नाही. इथे मात्र एक बॉल चुकला की पावलं, वेग, पकड, सगळंच बदलतो! म्हणून मी वही केली. पिना मोजायच्या नाहीत, लेनवरच्या दुसऱ्या बाणावरून बॉल गेला की नाही एवढंच लिहायचं. पहिल्यांदा ४० पैकी ९ गेले. मग रोज रात्री घरी पाच लिटरचा तेलाचा डबा घेऊन हात झुलवला. (आई म्हणाली, "एवढी हौस आहे तर खालून तांदूळ आण.") तीन महिन्यांनी ४० पैकी २३. स्कोअर? जवळपास तेवढाच.

"अरे, मजा करायला जातो, वही कसली?" असं तुम्ही म्हणाल. जरूर करा मजा. पण मग नशिबाने पडलेल्या पिनांना हुक म्हणू नका.

हे मला एवढं का लागलं, तेही सांगतो. आमच्या टीममध्ये एक ज्युनिअर होता. तीन रात्री बसून त्याने सगळ्या टेस्ट चालवल्या आणि रिलीजमध्ये तरीही एक बग निसटला. त्याच महिन्यात दुसऱ्याने टेस्ट न करताच कोड ढकलला, काही फुटलं नाही, त्याला शाबासकीची मेल. ज्युनिअरच्या अप्रेझलमध्ये "रिझल्ट दिसत नाही" असं लिहिणारा मीच. मार्चमध्ये त्याने पेपर टाकले.

तो बॉल पॉकेटातच बसला होता हो. एक पिन राहिली, एवढंच. आणि मी स्क्रीनकडे बघून "अरेरे" म्हणालो.

असो. या शनिवारी परत जातोय. येणार असाल तर या, पण स्ट्राइक पडला म्हणून टाळ्या वाजवू नका. बॉल बाणावरून गेला का, ते बघा आणि सांगा.